मार्गतपासणीचे मोल : पीएचपीमधील ‘ओपन-बेसडिर’ निर्बंध

वेबवरील पाने सिद्ध करणाऱ्या पीएचपी या भाषेची आवृत्ती बदलल्यावर दोन तक्रारी पुष्कळदा एकदमच उद्भवतात : फाइलींविषयीच्या इशाऱ्यांची रीघ लागते आणि संकेतस्थळ मंदावते. या दोहोंची कारणे वेगळी मानून शोध घेणारे बहुधा वाट चुकतात. ‘ओपन-बेसडिर’ हा निर्बंध लागू असेल तेथे दोहोंचे मूळ एकच असू शकते.

प्रोग्रामाने कोणत्या निर्देशिकांच्या आतच वावरावे याची ही सीमा होय. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे नांदतात तेथे ती विशेष प्रचारात आहे. डिसेंबर २०१० मधील ५.२.१६ व ५.३.४ या आवृत्त्यांपूर्वी ती केवळ नावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून ठरत असे. ‘राम’ या निर्देशिकेची मोकळीक शेजारच्या ‘रामदास’लाही आपोआप मिळे! पुढे संपूर्ण नाव जुळणे आवश्यक झाले, आणि जुन्या ढिलाईवर विसंबलेले प्रोग्राम अडू लागले. सीमेबाहेरील फाइल ‘आहे काय’ असे विचारल्यास पीएचपी इशारा देऊन ‘नाही’ म्हणते. फाइल जागच्या जागी असते. नसते ती परवानगी.

मंदपणाचे कारण अधिक खोल आहे. मार्गातील एखादी पायरी सिम्लिंक, म्हणजे भलतीकडे नेणारी नामधारी फाइल, असू शकते. म्हणून प्रत्येक पायरीची चौकशी करावी लागते. एरवी तिचे उत्तर ‘रिअलपाथ कॅश’मध्ये, सामान्यतः १२० सेकंद, जपून ठेवले जाते. निर्बंध लागू असता मात्र या कॅशचा आकार शून्य होतो. यात लहर नाही : जुने उत्तर प्रमाण मानले आणि दरम्यान कोणी सिम्लिंक बदलली, तर सीमा निरर्थक ठरेल. तपासणी व फाइल उघडणे यांमधील क्षणाचा असाच गैरफायदा घेता येतो, हे ५.१.६ पर्यंतच्या आवृत्त्यांबाबत २००६ मध्ये उघड झाले होते. सहा पायऱ्यांच्या २०० फाइली एकेकदा तपासावयाच्या म्हटल्या तरी १२०० चौकशा होतात. स्थानिक डिस्कवर लिनक्सचे स्वतःचे स्मरण हा भार बराचसा पेलते. नेटवर्कवरील डिस्क असेल तेथे खरी झळ लागते.

७.०.१६ व ७.१.२ पासून कॅशचा मूळ आकार १६ किलोबाइटवरून ४०९६ वर गेला. परंतु निर्बंधाखाली तो वाढवून उपयोग नाही. इशारे दडपणे हा तर उपायच नव्हे. प्रत्येक ग्राहकाचे संकेतस्थळ स्वतंत्र युजर-खात्याखाली चालवून राखण कार्यप्रणालीकडे सोपविता आली, तरच निर्बंध उठविण्याचा विचार करावा. तोवर मंदपणा सोसणेच इष्ट.