लाकडी वाड्याची राखण : मेणवली

सातारा जिल्ह्यात वाईपासून तीनेक किलोमीटरांवर कृष्णेच्या काठी वसलेले मेणवली हे गाव पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या वाड्यामुळे आणि वाड्यामागच्या दगडी घाटामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून १७६८ च्या सुमारास नानांना हे गाव इनाम मिळाले आणि त्यानंतरच्या काळात त्यांनी येथे सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि विष्णू व मेणेश्वर यांची देवळे उभारली. ‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटामुळे हा घाट देशभर पोहोचला. तथापि पाहुण्यांची पावले बहुधा घाटावरच रेंगाळतात आणि वास्तुशास्त्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा असलेला वाडा धावत्या नजरेने पाहिला जातो.

घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल उठावात कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या, त्यांपैकी ही एक मानली जाते. नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि भीमाशंकर येथेही अशा घंटा आहेत. युरोपातील चर्चवास्तू आणि मराठी वाडा यांचा संबंध मात्र या घंटेपुरताच नाही. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी लागलेल्या आगीत दगडी भिंती आणि दोन्ही मनोरे उभे राहिले. जळाले ते मुख्यतः छप्पर, म्हणजे शेकडो ओक वृक्षांच्या तुळयांचा मध्ययुगीन सांगाडा, त्यावरचे शिशाचे पत्रे आणि एकोणिसाव्या शतकातला उंच शिखरमनोरा. खाली दगड आणि वर लाकूड अशा कोणत्याही वास्तूत आग याच वाटेने जाते.

पेशवाईतील वाडा याच जातीचा आहे. घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखडे म्हणजे खांबांना जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरणारे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर भार वाटून घेणारे हस्त, त्यांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या कड्या व त्यांवरच्या फळ्या, अशी ही रचना असते. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि वाड्याचा विस्तार खणांतच मोजला जातो. भिंती विटामातीच्या असल्या तरी मजल्यांचा भार प्रामुख्याने लाकडी चौकटच वाहते, त्यामुळे चौकट जळाली की मजले कोसळतात आणि उरते ते जोते. पुण्याच्या शनिवारवाड्याची आजची अवस्था याचीच साक्ष देते : १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला, आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि आज तेथे तट, दरवाजे, कारंजी व जोती एवढेच दिसते. वाड्याचे अंतरंग कसे होते हे समजून घ्यायचे तर अभ्यासकाला मेणवलीसारख्या शाबूत वास्तूंकडेच यावे लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने सागवान काडीपेटीसारखे भडकते ही समजूत खरी नाही. जाड खांबाचा बाहेरचा थर जळून कोळसा होतो, तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून काही काळ वाचवतो आणि आग दर मिनिटाला मिलिमीटरभरही आत शिरत नाही. खरा धोका पातळ फळ्यांना, माळ्यावरच्या अडगळीला, सुकलेल्या गवताला आणि त्याहून अधिक म्हणजे लाकडावरून मागाहून ओढलेल्या विजेच्या तारांना असतो. जुन्या वास्तूत वीज ही नंतर आलेली पाहुणी असल्यामुळे तिला स्वतःची वाट ठेवलेली नसते. चौक वरून मोकळे असल्याने धूर निघून जातो हे खरे, परंतु भिंतीच्या जाडीत बसवलेले चिंचोळे जिने धुराने भरले म्हणजे आत शिरणाऱ्यालाही अडवतात आणि बाहेर पडणाऱ्यालाही.

मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. चित्रे आगीत जळतात, धुराने काळवंडतात आणि आग विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याच्या झोतानेही गिलाव्यासकट सुटून येतात. जपानमधील होर्यु-जी या बौद्ध विहाराच्या मुख्य मंदिरात २६ जानेवारी १९४९ रोजी, भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम चालू असतानाच आग लागली आणि जतनासाठी ज्यांची नक्कल होत होती ती सातव्या शतकाच्या अखेरची चित्रेच होरपळली. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस देशभरातील देवळांत आग विझवण्याच्या कवायतीसाठी राखून ठेवला. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असते, एवढ्यावरून कवायतीला दुसरा दिवस नेमता येणार नाही असे नाही.

वाड्यातील आणखी एक मौल्यवान ठेवा वेळीच बाहेर पडला. नानांच्या पत्रव्यवहाराचे जे कागद ‘मेणवली दप्तर’ या नावाने प्रसिद्ध आहेत, ते विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या अभ्यासाचा आधार बनले. पारसनिसांच्या संग्रहासाठी साताऱ्यात १९२५ मध्ये वस्तुसंग्रहालय उघडले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद हलवता येतात. तुळई हलवता येत नाही.

कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगलीत वारशाची चिंता बहुतेक पुराशी निगडित असते आणि २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर ते स्वाभाविकही आहे. परंतु विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जेथे ‘सीतास्वयंवर’ रंगवले त्या या नाट्यपंढरीला आगीचा विसर पडू नये अशी घटना शेजारीच घडली : राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला जळाले. पडदे, लाकूड आणि दिव्यांची वायरिंग एकाच छताखाली आली की नाट्यगृह आणि वाडा यांत आगीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

उपाय नियमांत आहेत आणि नाहीतही. स्मारकविषयक केंद्रीय कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत बांधकामाला मनाई आली. या तरतुदींचा रोख तोडफोड आणि अतिक्रमण यांवर आहे, ठिणगीवर नाही. राज्याचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा मुख्यतः नव्या इमारतींच्या मोजमापांतून विचार करतो. रुंद जिना, दुसरी वाट, छतातले नळ हे वाड्यात बसवायचे तर वाडाच फोडावा लागेल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये वारसास्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मात्र वास्तूच्या प्रकृतीचा विचार करून योजना आखायला सांगतात आणि तीच दिशा योग्य आहे.

मेणवलीपुरते पाहिले तर पाणी दाराशीच आहे, कारण घाटाच्या पायऱ्या थेट कृष्णेत उतरतात. गरज आहे ती नदीतून पाणी उचलणाऱ्या पंपाची आणि तो चालवू शकणाऱ्या चार गावकऱ्यांची, कारण खेड्यात बंब बाहेरूनच यावा लागतो आणि पहिली दहा मिनिटे गावाचीच असतात. नोत्र दाममध्ये इशारा वाजूनही पहारेकरी चुकीच्या जागी तपासायला गेला आणि सुमारे अर्धा तास वाया गेला. म्हणजे यंत्र महाग असण्यापेक्षा कोणता चौक, कोणता माळा हे ऐकणाऱ्याला कळणे महत्त्वाचे. चित्रांच्या दालनांसाठी झोताऐवजी बारीक तुषार सोडणारी यंत्रणा हवी. नोत्र दामच्या नव्या छपरात तीच बसवली आहे. ते छप्पर जुन्यासारखेच उभे राहून डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले, याचे एक कारण असे की आगीच्या काही वर्षे आधी अभ्यासकांनी लेसर किरणांनी संपूर्ण वास्तू मोजली होती आणि छपराच्या सांगाड्याचे तपशीलवार आराखडेही काढून ठेवले होते. मेणवलीच्या प्रत्येक खणाचे, हस्ताचे आणि सांध्याचे असे मोजमाप करण्यासाठी लागणारा खर्च एखाद्या चित्रपटाच्या चित्रीकरणापुढे नगण्य ठरेल आणि ते काम सुतारकामातले जुने सांधे ओळखणारी माणसे आहेत तोवरच नीट होऊ शकेल.