बॅग आणि फाईल

मिरजेतल्या एका दवाखान्याच्या बाकावर मी औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर म्हणून बारा वर्षं मांडीवर काळी बॅग घेऊन बसलो. २०११च्या ऑगस्टमध्ये त्याच बाकावर बसलो, तेव्हा मांडीवर वडिलांची फाईल होती. रिसेप्शनवरच्या ताई सवयीने म्हणाल्या, “सर आज एमआरना भेटणार नाहीत.” मी म्हटलं, “आज पेशंटबरोबर आलोय.” त्या उठल्या, वडिलांना पंख्याखाली बसवलं, पाणी आणून दिलं. आत डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. त्यात औषध आमच्या स्पर्धक कंपनीचं होतं. एरवी माझी नजर आधी तिथेच गेली असती. त्या दिवशी ते लक्षात आलं रात्री दहाला, गोळ्या डबीत भरताना.

विक्रीच्या धंद्यात टिकायचं कसं, हा विषय कंपनीच्या प्रत्येक सायकल मीटिंगमध्ये निघतो. तिथे नकार पचवायला शिकवतात, आणि ते शिकणं खरोखर उपयोगी पडतं. पण घरात आजारपण असताना महिनाअखेरीला पहाटेच्या जत एसटीत कसं चढायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून दोन दशकांहून अधिक फिरतीनंतर हे लिहितो आहे.

माझं हेडक्वार्टर सांगली-मिरज. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि पुढे हे गावच दवाखान्यांचं झालं. कर्नाटकातूनही पेशंट येतात. एमआरला इथे कामाची ददात नाही. दिवसाला दहा-बारा डॉक्टर, पाच-सहा केमिस्ट, मग स्टॉकिस्ट, रात्री रिपोर्ट. डॉक्टर देणार दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत आवाज पडलेला चालत नाही. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या परिचारिका आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या कामाचा अभ्यास करून १९८३मध्ये ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. पगारासाठी चेहऱ्यावर भाव आणावा लागतो, त्याला त्यांनी भावनिक श्रम म्हटलं. हे नाव कळलं तेव्हा मला माझ्या संध्याकाळी समजल्या. दिवसभर गोड बोलून घरी आलो की बायकोशी बोलायला शब्द उरत नसत. ती समजायची, मी रागावलोय. मी फक्त संपलेलो असायचो.

दुसरा अभ्यास आमच्या ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी १९८०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी विमा कंपनीच्या एजंटांच्या चाचण्या घेतल्या. आशावादी निघालेल्या अर्ध्या एजंटांनी पहिल्या दोन वर्षांत बाकीच्यांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला. नकाराचा अर्थ माणूस स्वतःशी कसा लावतो, यावर सगळं अवलंबून, असं त्यांचं म्हणणं. ‘मला जमतच नाही’ म्हणणारा गळतो, ‘आज त्यांना वेळ नव्हता’ म्हणणारा पुढचं दार वाजवतो. हे मी दारोदार अनुभवलंय, मला ते शंभर टक्के पटतं. पण वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट म्हणजे एखाद्या डॉक्टरचा नकार नव्हता, पुढच्या दारात तो भरून निघणार नव्हता. त्या महिन्यात ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणारे पुष्कळ भेटले. ‘किती दिवस रजा हवी?’ असं एकानेही विचारलं नाही.

आर्थर मिलर यांच्या १९४९च्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकात एक प्रसंग आहे. चौतीस वर्षं नोकरी केलेला विली लोमन जुन्या मालकाच्या मुलाकडे जातो. फिरती झेपत नाही, शहरातच काम द्या म्हणतो. स्वतःचा पगार स्वतःच उतरवत जातो आणि नोकरी गमावून बाहेर पडतो. बाकीच्या नाटकात मला अमेरिका दिसली. या प्रसंगात मात्र मी होतो. मॅनेजरला रजेसाठी फोन केला तेव्हा मीही असाच अजिजीने बोलत होतो. पलीकडून उत्तर आलं, “महिन्याचं क्लोजिंग होऊ दे, मग बघू.”

तेव्हा मला माझा हक्कच माहीत नव्हता. सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या गाड्यावर युनियनच्या एका ज्येष्ठाने तो समजावला. १९६३पासून औषधविक्री प्रतिनिधींचा देशव्यापी महासंघ आहे. त्यांच्या लढ्यातून १९७६चा विक्री संवर्धन कर्मचारी कायदा आला. कामावरच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. स्वतःच्या आजारपणात, दाखल्यावर, सेवेच्या अठराव्या हिश्श्याइतकी अर्ध्या पगाराची. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एमआर हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला कामगार नाही, असा निर्णय दिला, तेव्हापासून या १९७६च्या कायद्याचं मोल आणखी वाढलं. आता तो २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय. त्या काकांनी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. माझ्या खात्यावर बासष्ट दिवस रजा शिल्लक होती! दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज केला आणि चौदा दिवस मिळाले.

खरा आधार मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आला. घरचं दुखणं मार्केटमध्ये सांगायचं नाही, असा माझा हट्ट होता. स्पर्धक कंपनीचा एक मित्र, ज्याच्याशी महिनाभर एकेका प्रिस्क्रिप्शनसाठी माझी झटापट चालायची, त्याने मला न विचारता सगळीकडे सांगून टाकलं. मी चिडलो. पण मग विट्याच्या केमिस्टचा फोन आला, “इतक्या लांब येऊ नका, ऑर्डर फोनवर लिहून घ्या.” तासगावच्या एका डॉक्टरांनी माझं औषधांच्या माहितीचं व्हिज्युअल एड हाताने मिटलं आणि म्हणाले, “हे राहू दे, बाबा जेवतात का?” त्या खुर्चीत मी तीन महिन्यांत पहिल्यांदा रडलो. खंबीरपणा माझ्या एकट्याच्या अंगात असायला हवा, ही माझी समजूत तिथे गळून पडली.

वडील नोव्हेंबरमध्ये गेले.

पुढे मी एरिया मॅनेजर झालो. घरात अडचण असलेल्या माणसाची बाहेरगावची फिरती मी आधी काढतो. वर्षानुवर्षांची ओळख असलेले जवळचे डॉक्टर तेवढे त्याच्याकडे ठेवतो, बाकीचे कॉल आम्ही वाटून घेतो. प्रत्येकाला रजाच हवी असते असंही नाही. पत्नी गेल्यावर चौथ्या आठवड्यात एक जण म्हणाला, “सर, भिंती बघवत नाहीत, मला फिरू द्या.” त्याला अर्धा दिवस काम दिलं, टार्गेट त्या तिमाहीपुरतं टीमवर घेतलं. हे वरच्यांना पटवताना दर वेळी भांडावं लागतं आणि मी भांडतो. आता तर मोबाईलवर प्रत्येक कॉलचं लोकेशन जातं. माणूस कुठे उभा आहे हे कंपनीला कळतं, कशा अवस्थेत उभा आहे ते कळत नाही. ज्याची झोपच उडाली आहे, त्याला मी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर देतो. ऑक्टोबर २०२२पासून ही सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. नंबर नुसता पाठवून भागत नाही. बऱ्याचदा मी शेजारी बसून लावून देतो.

गेल्या महिन्याच्या २९ तारखेला रात्री नऊला सव्वीस वर्षांच्या एका पोराचा फोन आला. त्याची आई कोल्हापुरात आयसीयूत. फोन उचलल्याबरोबर तो घाईघाईने म्हणाला, “सर, सेकंडरी सेल्सचे आकडे सांगतो, दोन स्टॉकिस्ट राहिलेत.”

“आकडे राहू देत. आईजवळ आत्ता कोण आहे?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “कोणी नाही सर. रेंज येत नाही म्हणून मी खाली जिन्यात आलोय.”

“मग वर जा,” मी म्हटलं. “स्टॉकिस्टना मी फोन करतो.”