चर्चमधला रविवार

ख्रिस्ती लोकांची सामुदायिक उपासना मुख्यतः रविवारी होते. शुक्रवारी क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पुन्हा उठला या श्रद्धेमुळे हा वार प्रभूचा ठरला. पण त्या दिवशी चर्चमध्ये काय चालते, हे प्रत्येक चर्चचे वेगळे. वसईत कॅथलिकांची मिस्सा साधारण तासाभरात आटोपते. पुण्या-मुंबईतल्या मल्याळी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सगळी सकाळ सरते. अहिल्यानगरकडच्या मराठी मंडळीत पेटी-तबल्यावर भजन रंगते, तर उपनगरातल्या एखाद्या भाड्याच्या सभागृहात गिटार आणि ड्रम वाजत असतात.

या सगळ्यांचा आराखडा मात्र जुना आणि बराचसा समाईक आहे. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. लोक एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांची लिखाणे वाचली जात. प्रमुख त्यावर उपदेश करी. सगळे उभे राहून प्रार्थना करीत. मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाई, प्रमुख उपकारस्तुती करी, लोक ‘आमेन’ म्हणत आणि प्रसाद वाटला जाई. जे आले नसतील त्यांच्या घरी तो पोचवला जाई. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांना मदत होई. शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन हे उपासनेचे दोन खांब तेव्हापासूनचे आहेत. चर्चचर्चमध्ये फरक पडतो तो कोणत्या खांबावर किती भार दिला आहे, यामुळे. हा भार आत शिरल्या शिरल्या दिसतो: कुठे समोर मध्यभागी वेदी असते, कुठे पुलपिट, म्हणजे उपदेशासाठीचे व्यासपीठ, तर कुठे माइक आणि वाद्यांचा मंच.

कॅथलिक मिस्सा

कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा. जगातल्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये एका रविवारी तेच पाठ वाचले जातात. हे पाठ तीन वर्षांच्या चक्रात लावलेले आहेत. एक वर्ष प्रामुख्याने मत्तयचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः विशेष काळांत येते. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते.

प्रवेशगीत सुरू झाले की फादर वेदीकडे येतात. त्यांच्या झग्याचा रंग त्या काळाची खूण असतो: नाताळ आणि ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पवित्र आत्म्याच्या आणि हुतात्म्यांच्या सणांना लाल, वर्षाच्या सामान्य काळात हिरवा. क्रुसाची खूण, पापांची कबुली, दयेची याचना आणि स्तुतिगीत एवढे झाले की वाचने सुरू होतात. पहिले वाचन बहुधा जुन्या करारातले, त्यावर प्रतिसाद म्हणून स्तोत्र, दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतले. ही वाचने बसून ऐकायची. शुभवर्तमानाला मात्र सगळे उठतात आणि अंगठ्याने कपाळ, ओठ आणि छातीवर छोटी क्रुसाची खूण करतात: हे वचन मनात राहो, तोंडी राहो, हृदयात राहो. प्रवचन सहसा दहा-पंधरा मिनिटांचे असते. नंतर चौथ्या शतकात आकाराला आलेला नायसियाचा विश्वासांगीकार सगळे मिळून म्हणतात आणि चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होतात.

दुसरा भाग वेदीवरचा. दानाची थैली फिरते, भाविकांपैकी काहीजण भाकर आणि वाइन पुढे नेऊन देतात. भाकर म्हणजे बेखमीर पिठाची, नाण्यासारखी पातळ गोल चकती. वाइनमध्ये फादर पाण्याचा एक थेंब घालतात. मग येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी उच्चारलेले शब्द म्हणत ते भाकर आणि प्याला उंच धरतात. घंटी वाजते, लोक गुडघे टेकतात. या क्षणी भाकर आणि वाइन खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. बाकीची सगळी मिस्सा या क्षणाभोवती रचलेली आहे. पुढे ‘हे आमच्या पित्या’ ही प्रार्थना होते आणि लोक एकमेकांना शांती देतात. युरोपात यासाठी हस्तांदोलन करतात, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हात जोडून नमस्कार. नंतर रांगेने पुढे जाऊन प्रत्येकजण तळहातावर किंवा जिभेवर प्रसाद घेतो. त्याआधी किमान तासभर काही खायचे नाही, असा नियम आहे. आशीर्वाद आणि निरोप झाला की मिस्सा संपते.

हे सारे लोकांच्या भाषेत होते, ही मात्र अलीकडची गोष्ट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि फादर लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहत. परिषदेनंतर वसईत मराठी आणि गोव्यात कोकणी वेदीवर आली. भारतीय बिशपांच्या विनंतीवरून १९६९ मध्ये रोमने बारा बदलांना मान्यता दिली. वहाणा काढून येणे, जमिनीवर बसणे, अंजलीमुद्रा, तेलाचा दिवा, आरती या गोष्टी त्यात होत्या. काही ठिकाणी त्या रुजल्या, बऱ्याच ठिकाणी प्रसंगापुरत्याच राहिल्या. गोव्यातल्या मिस्सेला आणखी एक रंग आहे तो संगीताचा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या परंपरेमुळे तिथल्या गावातले गायकवृंदही अनेक सुरांत गातात.

पडद्यामागची वेदी: कुर्बाना

केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेत मुख्य उपासनेला कुर्बाना म्हणतात. संत थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळात आला, अशी या समाजाची परंपरा सांगते. नोकरीधंद्यासाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांबरोबर कुर्बाना मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे पोचली. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती सीरियाक भाषेतून आलेल्या, संत याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने होते. भाषा बहुतेक मल्याळम, मधूनमधून सीरियाक.

इथे पादत्राणे बाहेर काढायची. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर किंवा ओढणी घेऊन उभ्या. वेदी पूर्वेला असते आणि तिच्यापुढे मोठा पडदा. ‘अच्चन’, म्हणजे धर्मगुरू, आत तयारी करत असताना पडदा बंद असतो. तो सरकतो तेव्हा वेदीवरच्या मेणबत्त्या, धुपाचा धूर आणि वस्त्रांची जर एकदम नजरेत भरते. धुपाटण्याला घुंगरासारख्या घंट्या असतात. महत्त्वाच्या क्षणी लांब दांड्याच्या, घंट्या लावलेल्या धातूच्या चकत्याही वाजवल्या जातात. प्रवचन असते, पण आटोपशीर; बहुतेक वेळ धर्मगुरू आणि लोक यांच्यात गायनाने चाललेल्या सवाल-जबाबांचा. लोक बराच वेळ उभेच असतात. शांती वेदीपासून निघते आणि एकाच्या जोडलेल्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत अशी शेवटच्या रांगेपर्यंत येते. भाकर खमीर घातलेली असते. बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या मुलांनाही प्रसाद मिळतो. कॅथलिकांच्या लॅटिन पद्धतीत मुले थोडी जाणती होईपर्यंत थांबावे लागते.

कुर्बानेची इतर रूपेही आहेत. रोमशी जोडलेल्या सिरो-मलबार चर्चची पद्धत अद्दाय आणि मारी यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातल्या त्यांच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. मार्थोमा चर्चने एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेत संतांना उद्देशून केलेल्या प्रार्थना वगळल्या आणि उपदेशाला जास्त जागा दिली, पण पूर्वेकडचा बाज टिकवला.

पुलपिटाभोवतीची उपासना

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने तोल शास्त्राकडे झुकवला. बायबल लोकांच्या भाषेत हवे, उपदेश सर्वांना कळावा आणि गाणे फक्त गायकवृंदाने न गाता सगळ्या मंडळीने गावे, हा मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या समकालीनांचा आग्रह होता. महाराष्ट्रात ही परंपरा मिशनऱ्यांबरोबर आली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम करू लागले. पुढे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि इतर काही पंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. लोक त्याला सी.एन.आय. म्हणतात.

सी.एन.आय.च्या मराठी मंडळीत घंटा झाली की लोक बायबल आणि गीतांचे पुस्तक घेऊन येतात. पाळकसाहेब शास्त्रवचन म्हणून उपासनेला आरंभ करतात. गीत, पापांगीकार, एक ओळ पाळकाने आणि एक मंडळीने असे स्तोत्राचे वाचन, जुन्या आणि नव्या करारातले उतारे, प्रेषितांचा विश्वासांगीकार, आजारी आणि दुःखी कुटुंबांची नावे घेऊन केलेली प्रार्थना, निवेदने आणि अर्पण असा क्रम बहुधा असतो. मग उपदेश. तो अर्धा-पाऊण तास सहज चालतो. पाळक अध्याय आणि वचन सांगतात तेव्हा सभागृहभर पाने उलटल्याचा आवाज येतो. बऱ्याच जणांच्या बायबलांत जुन्या उपदेशांच्या वेळी मारलेल्या खुणा आणि तारखा असतात. उपासना आशीर्वचनाने संपते. मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे संडे स्कूल, आधी किंवा नंतर भरते.

या उपासनेचा मराठीपणा सर्वांत ठळक दिसतो तो गाण्यात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते आहेत, तशीच अभंग आणि पदांच्या घाटाची भजनेही. यातली कित्येक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची आहेत. संतकवितेवर वाढलेल्या टिळकांनी येशूला आई म्हणून, गुरू म्हणून हाक मारली. त्यामुळे पेटी, तबला आणि टाळ चर्चमध्ये परके राहिले नाहीत. येशूचरित्रावरचे कीर्तनही याच मंडळ्यांत रुजले.

प्रभुभोजन इथे दर रविवारी असतेच असे नाही. काँग्रिगेशनल वळणाच्या चर्चमध्ये ते पुष्कळदा महिन्यातून एकदा होते. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बसल्या जागी फिरवले जातात. अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये लोक वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतात आणि एकाच प्याल्यातून पितात. काहींच्या मते हे येशूच्या बलिदानाचे स्मरण, काहींच्या मते त्यात त्याची आत्मिक उपस्थिती.

पेन्टेकॉस्टल सभा

पेन्टेकॉस्टल आणि करिश्माई मंडळ्यांत छापील क्रम नसतो. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास गाण्यांचा. शब्द पडद्यावर दिसतात, लोक उभे राहून, टाळ्या वाजवत, हात उंचावून गातात. एका टप्प्यावर गाणे ओसरते आणि सगळे एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना करू लागतात. कोणी अन्य भाषांत, म्हणजे ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या उच्चारांत बोलतो. हे पवित्र आत्म्याचे दान मानले जाते. मग कोणी साक्ष देतो: दारू सुटली, आजार बरा झाला, नोकरी लागली. संदेश तासभर चालू शकतो. शेवटी आजाऱ्यांना पुढे बोलावून त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. बाप्तिस्मा जाणत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवून देतात.

या चळवळीचा उगम सहसा १९०६ च्या लॉस एंजेलिसमधल्या जागृतीत सांगतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये, अशीच लाट आली होती. शेकडो मुली एकाच वेळी रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या एका मैत्रिणीला पाठवली आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये पेन्टेकॉस्टल चळवळ उभी राहण्याला तिचा हातभार लागला.

आणखी काही रीती

मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, गणवेश, हुद्दे आणि बँड असतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी मात्र नसतात. ती १८८२ मध्ये मुंबईत आली. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवारी उपासना करतात, त्यांचे मोठे शिक्षणकेंद्र पुण्याचे स्पायसर. प्रभुभोजनापूर्वी ते एकमेकांचे पाय धुतात. क्वेकर पंथाच्या जुन्या पद्धतीत तर धर्मगुरू, गाणे, क्रम यांतले काहीच नसते. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो.

वर्षाची वळणे

नेहमीच्या रविवारचा क्रम सणांना बदलतो. नाताळच्या आदल्या मध्यरात्री मिस्सा होते. राखेच्या बुधवारी कॅथलिक फादर कपाळाला राख लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. क्रुसाचे वंदन होते. प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्या दुपारी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात. ईस्टरला कॅथलिक शनिवारी रात्री अंधारात अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती आत आणतात, तर प्रोटेस्टंट मंडळ्या रविवारी पहाटे उपासनेला जमतात. कापणीच्या सणाला धान्य, भाजी, फळे चर्चमध्ये मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो.

पाहुण्याने काय करावे

उपासनेला कोणीही बसू शकतो. मागच्या रांगेत बसले की कधी उठायचे, कधी बसायचे हे पुढच्यांकडे पाहून कळते; गुडघे टेकायची सक्ती नसते. पादत्राणे कुठे काढायची हे दाराशीच दिसते. दान ऐच्छिक आहे. प्रसादाबाबत मात्र नियम आहे: कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो आपल्या पंथाच्या, बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनाच देतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा कोणत्याही बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसाला. इतरांनी त्या वेळी जागेवर बसून राहावे, त्यात काही गैर मानले जात नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. उपासना संपल्यावर फादर किंवा पाळक सहसा दाराशी थांबून लोकांना भेटतात. मनातले प्रश्न विचारायला ती वेळ सोयीची असते.