गावाकडची वरकस

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, पैसे पाठव. डोंगरावरची वरकस जेसीबीने साफ करून काजू लावू." आपल्यापैकी अनेकांना असे फोन येत असतील, म्हणून हे लिहितो आहे. माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली, शेतकीतली नव्हे. पण 'हो' म्हणण्यापूर्वी थोडे वाचन केले.

इथे इलिनॉयमध्ये मैलोन् मैल काळी माती दिसते. ती हिमयुगानंतरची, म्हणजे तशी तरुण. गवताची मुळे हजारो वर्षे तिच्यात कुजत आली आणि थंडीमुळे सेंद्रिय द्रव्य साठत गेले. सुपीकतेची ठेव जमिनीतच आहे.

कोकणात नेमके उलट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. लाखो वर्षांच्या अशा पावसात खडक झिजला, चुना आणि पोटॅश वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. तोच आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात हा दगड पाहून १८०७ साली त्याला 'लॅटराइट' म्हटले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. त्यावरची माती आम्लधर्मी असते आणि खतातला बराचसा स्फुरद पकडून ठेवते; तो पिकाला मिळत नाही. उष्ण, दमट हवेत पालापाचोळाही भराभर कुजतो. सुपीकता राहते ती झाडाझुडपांत आणि वरच्या वीतभर थरात. जेसीबी नेमका तोच थर खरवडतो, आणि उरलेला पहिल्या पावसात वहाळाला जातो.

मग काजू लावूच नये का? जरूर लावावा, पण डोंगर उघडा न करता. झुडपे राखून खड्ड्यांपुरतीच जागा मोकळी करावी. वरची माती बाजूला काढून तीच शेणखतासह खड्ड्यात भरावी. उताराला आडवे, समपातळीत चर खणावेत. प्रत्येक कलमाला अर्धचंद्राकृती आळे करावे. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला कलमांच्या बुडाशी घालावा; हवेतला नत्र त्या पाल्यातून मातीत येतो.

भाऊ म्हणाला, "हे सगळे करायला माणसे कुठे आहेत गावात? तू तिथे, मुले मुंबईला." यावर मला उत्तर सुचले नाही. शेवटी ठरले ते असे, की दरवर्षी एकच तुकडा घ्यायचा, तीन वर्षांत डोंगर पुरा करायचा. जेसीबीचे पैसे मजुरीला पाठवले. आणि पहिल्या तुकड्याचे खड्डे भरायला मे महिन्यात मी स्वतः जाणार आहे.