पंढरीच्या देवळावर हक्क कोणाचा?

विठ्ठल मंदिरात बडवे आणि रुक्मिणी मंदिरात उत्पात हे पिढीजात हक्कदार होते. बडव्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे हे सेवाधारी होते. देऊळ मात्र समाजाच्या दानावर उभे राहिले, याचा पुरावा दगडातच आहे. ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ (शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७) देणगीदारांची नोंद देतो, त्यांत यादव राजा रामदेवरावही आहे.

नित्योपचार सेवाधाऱ्यांनीच शतकानुशतके सांभाळले, हा हक्कदारांच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. पण सेवेचा मान वेगळा आणि उत्पन्नावरचा वंशपरंपरागत हक्क वेगळा. शिवाय देवळाचे दार सर्वांना खुले नव्हते. दलित संत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावे लागले. १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने पिढीजात हक्क रद्द केले. अंमल १९८५मध्ये सुरू झाला, तरी न्यायालयीन लढाई चालूच राहिली. जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. कारभार आता शासननियुक्त मंदिर समितीकडे आहे.