दसऱ्याच्या बाजारासाठी ॲस्टर : हिशेब पेरणीच्या तारखेचा

हारफुलांचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांना ॲस्टर नवा नाही. गुलटेकडीच्या वा दादरच्या फूलबाजारातून हा माल सुटा वजनावर किंवा दांड्यासकट जुड्यांत उचलला जातो. ज्यांच्याकडे शहराजवळ दिवसभर उन्हाची, पाणी न साचणारी थोडी जमीन असेल त्यांनी तो स्वतः लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र यातला नफा-तोटा बहुधा पेरणीच्या दिवशीच ठरतो.

दसऱ्याला राजा झेंडूच, पण हारांत शेवंती व ॲस्टरही खपतात. सण उलटला की भाव बसतो. बी टाकल्यापासून फूल हाती येण्यास साडेतीन ते चार महिने लागतात, आणि ईदेप्रमाणे दसराही इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. ११० दिवस मागे मोजले तर पेरणी एका वर्षी ६ जुलैला येते, दुसऱ्या वर्षी १४ जूनला. "दरवर्षी जूनअखेर पेरतो" म्हणणारा म्हणूनच फसतो. जातीप्रमाणे व पावसाप्रमाणे दिवस पुढेमागे होतात, तेव्हा सगळे बी एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत टाकावे.

बियाण्यात तर फारच सांभाळावे. ॲस्टरचे बी लवकर मरते. मागच्या वर्षीचे उरलेले बी स्वस्तात मिळाले तरी महागच पडते. शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून आठ-दहा दिवसांनी मोड मोजावेत, मगच पैसे मोजावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश व्हाईट, फुले गणेश पिंक आणि बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेच्या कामिनी, पौर्णिमा या जाती माहितीतल्या आहेत.

रोपे उंच गादीवाफ्यावर करावीत, नाहीतर पावसात कुजतात. महिनाभराने चार-पाच पाने आली की संध्याकाळी फूटभर अंतराने लागण करावी. सावलीत रोप नुसते उंच वाढते व फूल कमी देते.

खंडाने जमीन घेणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा : इथे पूर्वी ॲस्टर होता का? मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. उभे पीक कळीवर असताना माना टाकते आणि मग औषधाचा खर्चही वाया जातो. होता असे उत्तर आले तर ती जमीन सोडावी. पिवळी पडून हिरवट फुले देणारी झाडे तुडतुड्यांमुळे रोगट झालेली असतात. ती उपटून जाळावीत.

सुटी फुले पूर्ण उमलल्यावर सकाळी तोडावीत. जुडीसाठी बाहेरच्या पाकळ्या उघडल्या की दांडा कापावा. ओला माल करंडीत दाबू नये, वाटेतच काळा पडतो. आडत्याशी बोलणे मात्र तोडणीआधी आठवडाभर करावे, त्याला कोणता रंग हवा ते तेव्हाच कळते.