चांदी घ्यायला आलात, तर खामगाव बघूनच जा

शेगावला गजानन महाराजांचे दर्शन होते, महाप्रसाद होतो आणि गाडीत बसता बसता कुणीतरी म्हणते, "इथवर आलोच आहोत, तर खामगावला जाऊन चांदी घेऊ या." शेगाव ते खामगाव वीस किलोमीटरसुद्धा नाही. गाडी सराफाच्या दारात उभी राहते. कुणाकडे बारसे असते, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या लेकीचे लग्न. वाळे, निरांजन, ताम्हण, जमलेच तर समई. अर्ध्या तासात पावती होते आणि मंडळी पुन्हा महामार्गाला लागतात. खामगाव पाहिले, असे ती घरी गेल्यावर सांगतात. पाहिलेले असते एक दुकान.

लंडनला गेलेला प्रवासी असे करत नाही. तिथल्या चॅन्सरी लेनवर जमिनीखाली चांदीचा एक बाजार आहे, लंडन सिल्व्हर व्हॉल्ट्स. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या मौल्यवान वस्तू ठेवायला तिजोरीघर म्हणून तो सुरू झाला, पुढे चांदीचे व्यापारीच तिथे बसू लागले. जाडजूड पोलादी दारांआड चहाच्या किटल्या, मेणबत्तीची झाडे, काटे-चमचे मांडलेले असतात. काही विकत न घेताही लोक ते बघायला जातात, कारण मार्गदर्शिकेत त्याची नोंद असते. बुलढाणा जिल्ह्याच्या मार्गदर्शिकेत शेगाव असते, लोणार असते, सिंदखेडराजा असते. खामगाव मात्र 'जवळचे मोठे गाव' म्हणून अंतराच्या रकान्यात सापडते.

म्हणून सुरुवात चांदीपासूनच करू.

खामगावला 'रजतनगरी' म्हणतात ते चांदीच्या खाणीमुळे नव्हे. इथे खाण नाही, चांदी बाहेरूनच येते. नाव झाले ते शुद्धतेच्या भरवशामुळे. पूजेची भांडी आणि देवांच्या मूर्ती शुद्ध चांदीच्या मिळतात आणि उद्या मोडायला नेल्या तर चांदीचा भाव मिळतो, हा लौकिक पिढ्यान् पिढ्या टिकला. त्यासाठी राज्यभरातून आणि शेजारच्या राज्यांतूनही गिऱ्हाईक येते.

कारखान्यात डोकावायला मिळाले तर सोडू नये. मुशीत चांदी टाकतात, वर टाकणखाराची चिमूट. ९६१ अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळते आणि पाऱ्यासारखी हलू लागते. मळ वर आला की ती साच्यात ओततात. थंड झालेल्या लगडीचा पत्रा निघतो, पत्र्याला ठोकून ठोकून वाटीचा आकार येतो. ठोकताना चांदी ताठर होते, म्हणून मधूनमधून पुन्हा तापवून तिला नरम करावे लागते. घाई केली की पत्र्याला चीर जाते. शेवटी नक्षी आणि उजळणी. दुकानातल्या दिव्याखाली लखलखणाऱ्या ताम्हणामागे एवढा खटाटोप असतो.

मग ते ताम्हण काचेच्या पेटीतल्या काट्यावर चढते. "पाहा बाप्पा, वजन तुमच्या डोळ्यापुढं हाये," असे म्हणत दुकानातला माणूस आकडा दाखवतो. किंमत तीन तुकड्यांची असते: वजनाला त्या दिवशीच्या भावाने गुणायचे, त्यात मजुरी मिळवायची आणि वर ३ टक्के जीएसटी. मोड करताना मजुरी परत मिळत नाही. त्यामुळे नक्षीकामाच्या वस्तूचा हिशेब वेगळा आणि साध्या वाटीचा वेगळा, हे घेतानाच विचारून ठेवावे.

शुद्धतेचा हिशेबही समजून घ्यायला हवा. शुद्ध चांदी मऊ असते. म्हणून पैंजण, अंगठ्या, साखळ्या यांत तांबे मिसळतात. ज्याला 'स्टर्लिंग' म्हणतात त्या चांदीत हजारातले ९२५ भाग चांदी असते. लंडनमध्ये चांदीवर तपासणीचा शिक्का मारण्याचा कायदा १३०० साली झाला आणि ज्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये तो शिक्का बसे, त्या 'हॉल'वरूनच 'हॉलमार्क' हा शब्द आला. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, चांदीला तो ऐच्छिक ठेवला. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक येऊ लागला. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की वस्तूची माहिती दिसते. शिक्का नसेल तर पावतीवर वजन, शुद्धता आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी.

आणखी एक. चांदी काळी पडली म्हणजे ती खोटी, हा गैरसमज आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी शुद्ध चांदीवरही काळी पुटे चढतात. रबरातही गंधक असते. त्यामुळे ताट-वाटीच्या पुडक्याला रबर बँड लावून कपाटात ठेवू नये.

चांदी इथे आली ती पांढऱ्या सोन्याच्या, म्हणजे कापसाच्या, मागोमाग. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. खामगावचा कापूसबाजार त्याआधीपासूनच मोठा होता. बैलगाड्यांच्या रांगा, सरकी वेगळी करणारे जिन, रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस, दलाल, अडते, मारवाडी-गुजराती पेढ्या असे गाव त्या बाजाराभोवती वाढत गेले.

अडचण एवढीच, की मुंबई-नागपूर रेल्वे गावाला वळसा घालून गेली. मुख्य मार्ग उत्तरेला राहिला. तेव्हा कापसासाठी म्हणून जलंब ते खामगाव असा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आला. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी वऱ्हाडच्या उन्हात यावे, यावरून त्या कापसाची किंमत कळते. दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, अंदमानात त्याचा खून झाला. खामगावच्या गाठी मात्र मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जात राहिल्या.

खामगाव रेल्वेचे टोकाचेच स्थानक राहिले. पुढे जालन्यापर्यंत रूळ नेण्याची मागणी फार जुनी आहे. विदर्भ आणि मराठवाडा जोडणाऱ्या त्या मार्गाची पाहणी, आंदोलने, निवेदने यांवर इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्यामुळे खामगावला येणारा पाहुणा बहुधा शेगाव किंवा अकोल्याला उतरतो आणि एसटी धरतो.

शेगावला उतरला, तर कचोरी आलीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्थानकावर ती विकायला सुरुवात केली. आज त्या नावाच्या पाट्या मुंबई-पुण्यातही दिसतात. चटणीचे फारसे लाड नाहीत. वरचे आवरण खुसखुशीत, आत हिरव्या मिरचीचे तिखट सारण आणि सोबत तळलेली, मिठात घोळलेली मिरची. गाडी फलाटावर दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात खिडकीतून पैसे जातात आणि पुडा आत येतो.

पण वऱ्हाडी जेवण कचोरीवर संपत नाही. पाटवडीचा झणझणीत रस्सा, वांग्याची भाजी, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, ज्वारीची भाकरी आणि ठेचा हे खरे इथले ताट. रोडगे हॉटेलच्या मेनूकार्डात सहसा सापडत नाहीत. ते शेतातल्या पंगतीत किंवा देवाच्या नवसाला होतात. खामगावात कुणी ओळखीचे असेल तर संकोच न करता आधी फोन करावा.

मनोरंजन म्हणाल, तर कोजागिरी गाठावी. महाराष्ट्रभर दसऱ्याला देवी विसर्जित होतात, मंडप उतरतात. खामगावात तेव्हा तयारी सुरू असते. इथला जगदंबा उत्सव कोजागिरी पौर्णिमेला सुरू होतो आणि पुढे दहा-अकरा दिवस चालतो. गावकरी तिला 'मोठी देवी' म्हणतात. बाकीचा महाराष्ट्र दिवाळीच्या फराळाला लागलेला असतो, तेव्हा खामगावचे रस्ते दर्शनाच्या रांगांनी भरलेले असतात. गणेशोत्सवात मान लाकडी गणपतीचा.

दुसरा दिवस हाताशी ठेवला, तर खामगाव हे मुक्कामाचे गाव म्हणून किती सोयीचे आहे ते कळते. पूर्वेला बाळापूर. तिथला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री अर्ध्या दिवसात होते. दक्षिणेला मेहकर. १८८८ मध्ये तिथे जमिनीखाली शारंगधर बालाजीची सुमारे ११ फूट उंचीची काळ्या पाषाणाची मूर्ती सापडली. साहेब ती लंडनला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी तिची घाईने प्रतिष्ठापना केली, असे मेहकरात सांगतात. कापूस विलायतेला गेला, बालाजी राहिला. मेहकरहून पुढे लोणार: उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. विवराच्या काठावरून फोटो काढून परतू नये, गावातले दैत्यसूदन मंदिर निवांत पाहावे.

पश्चिमेकडे बुलढाण्याच्या रस्त्याला बोथ्याचे जंगल लागते. हे ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन एक तरुण वाघ निघाला. विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाचा आदिलाबाद असे शेते-रस्ते-नद्या ओलांडत त्याने ३,००० किलोमीटरहून अधिक भटकंती केली. 'वॉकर' म्हणून तो जगभरच्या बातम्यांत गाजला. इतके हिंडून त्याने मुक्काम केला तो ज्ञानगंगेत.

माणसांनी निदान एक रात्र काढायला हरकत नाही. उन्हाळा टाळावा, वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि दुपारी बाजारही सुस्तावतो. कोजागिरीनंतरचा आठवडा उत्तम. हवेत गारवा असतो, शेतात बोंडे फुटून वेचणी सुरू झालेली असते, देवी बसलेली असते. सकाळी शेगावचे दर्शन, दुपारी खामगावात चांदी, संध्याकाळी मोठ्या देवीची रांग आणि दुसऱ्या दिवशी लोणार. त्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा लॉजची खोली आधी सांगून ठेवा आणि चांदीची पावती जपून ठेवा.